रिकाम्या खोलीचा हिशेब

दापोलीहून समुद्राकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर माझ्या मावशीचं घर आहे. दाराशी पत्र्याची पाटी: 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. घरामागे वाडीच्या बाजूला चार खोल्या बांधल्यात. मेमधल्या शनिवारी या चार खोल्यांसाठी इतके फोन येतात की मावशी फोन ओटीवर ठेवून विहिरीवर निघून जाते. ऑगस्टमधल्या मंगळवारी त्याच खोल्यांपैकी दोन खोल्यांत दोऱ्या बांधून घरचे ओले कपडे वाळत घातलेले असतात, कारण पावसात दुसरीकडे कुठे वाळणार?

मेमध्ये खोलीचं भाडं अडीच हजार. ऑगस्टमध्ये बाराशे. खाट तीच, पंखा तोच, खिडकीतली पोफळही तीच. मी एकदा तिला थट्टेत म्हटलं, "म्हणजे मेमध्ये तू लोकांना चांगलीच कापतेस!" ती शांतपणे म्हणाली, "कापत नाही गं. मेमध्ये मी पावसाळ्याचं भाडं घेते."

हंगाम टाळून फिरण्याबद्दल एरवी जे बोललं जातं ते 'स्वस्तात पडतं आणि गर्दी नसते' एवढ्यावर संपतं. दोन्ही खरं आहे. पण स्वस्त का पडतं, कोणाला पडतं, गर्दी थोडी कमी झाली की एवढा फरक का जाणवतो, आणि या स्वस्ताईत आपण नेमकं काय गमावतो, हे उलगडून पाहिलं तर जागा आणि तारीख निवडणं सोपं होतं. मावशीच्या त्या एका वाक्यात यातलं बरंच काही आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पावसाळ्याचं भाडं मेमध्ये कसं?

मावशीचा खर्च दोन प्रकारचा. एक, पाहुणा येवो न येवो, होणारच असा. खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, खाऱ्या हवेने दर दोन वर्षांनी लागणारा रंग, गंजलेल्या कड्या-कोयंडे, मदतीला ठेवलेल्या बाईंचा पगार, पंपाची दुरुस्ती. समजा हे सगळं वर्षाला 3 लाख रुपये होतं. दुसरा खर्च पाहुणा आला तरच होणारा: चादरी-अभ्रे धुणं, साबण, वीज, सकाळचा चहा. तो समजा खोलीमागे रात्रीला 250 रुपये. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, मावशीची वही मी कोणाला दाखवणार नाही.)

आता रात्री मोजू. चार खोल्या गुणिले 365, म्हणजे वर्षाला 1460 खोली-रात्री विकायला आहेत. गिऱ्हाईक मात्र येतं शुक्रवारी-शनिवारी, मेमध्ये, दिवाळीत, नाताळात आणि एखादी जोडून सुट्टी आली की. ढोबळ धरलं तर अशा रात्री वर्षात दीडशेच्या आसपास. उरलेल्या दोनशेहून जास्त रात्री गावात शुकशुकाट. दीडशे रात्रींतही सगळ्या खोल्या दरवेळी भरत नाहीत. समजा एकूण 400 खोली-रात्री विकल्या गेल्या, तर 3 लाखांचा बोजा प्रत्येकीवर 750 रुपयांनी बसतो. 1460 विकल्या गेल्या असत्या तर जेमतेम 205 रुपयांनी बसला असता. मेमधला पाहुणा स्वतःच्या खोलीबरोबर ऑगस्टमधल्या रिकाम्या खोलीचाही वाटा भरतो तो असा.

आणि रिकामी रात्र साठवून ठेवता येत नाही. मावशीच्या माळ्यावर गेल्या वर्षीची आमसुलं आहेत, कुळथाचं पीठ आहे, ते आज नाही खपलं तर उद्या खपेल. पण मंगळवारची रात्र बुधवारी विकता येत नाही. दापोलीहून सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट खेडला पोचल्यावर विकता येत नाही, तसंच हे. म्हणून मंगळवारी कोणी बाराशे देणारा आला तर मावशीच्या हातात 950 रुपये राहतात, आणि तो नसता आला तर शून्य. तिला ते हवेच असतात.

मग ती तीनशेलाच का देत नाही? त्यातही 50 सुटतातच की. इथे निव्वळ गणित थांबतं. पहिलं कारण, तीनशेला राहून गेलेला पाहुणा मेमध्ये फोन करून म्हणतो, "काकू, मागच्या वेळी तर तीनशे घेतले होते." दुसरं, तिच्या पहाटे पाचला उठण्याची किंमत मी वरच्या हिशेबात धरलीच नाही. ती धरली की बाराशे हा दर काही फार सैल वाटत नाही. पावसात फोन करून घासाघीस करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. उतरलेला दर हा आधीच उतरलेला असतो.

मोठ्या हॉटेलांत हेच गणित संगणक करतो आणि तासातासाला दर हलवतो. तिथे एक जास्तीचा फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. खोलीचं एका रात्रीचं भाडं 7500 रुपयांपर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025पासून त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. कर लागतो तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर. म्हणजे हंगामात 9000ची असलेली खोली करासकट 10,620ला पडते. तीच बिगरहंगामात 7000ला मिळाली तर करासकट 7350. दर उतरला दोन हजारांनी, खिशाला फरक पडला 3270चा. मावशीसारख्या छोट्या घरांची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या खूप आत असते, त्यांच्याकडे हा विषयच नाही.

हंगाम हवामान ठरवत नाही

आपण 'सीझन' म्हणतो तेव्हा मनात हवामान असतं. पण कोकणात मे हा वर्षातला सगळ्यांत चिकचिकीत महिना. दुपारी बारा ते चार बाहेर पडवत नाही, घाम वाळत नाही, रात्री वारा पडतो. तरी तोच हंगाम. कारण मेमध्ये शाळा बंद असतात, आणि आंबा असतो. आंब्याचं मी समजू शकते. बाकी सगळी गर्दी शाळेच्या वेळापत्रकाने आणलेली आहे.

हे लक्षात आलं की 'हंगामाबाहेर' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे होतात. एक, हवामान प्रतिकूल आहे म्हणून लोक नाहीत. दोन, हवामान उत्तम आहे पण लोकांना सुट्टी नाही म्हणून लोक नाहीत. स्वस्त दोन्ही वेळी. पण पहिल्यात तुम्ही काहीतरी सोसता, दुसऱ्यात काहीच नाही. मला विचाराल तर शोधायचा तो दुसरा प्रकार.

शिवाय प्रत्येक जागेचा हंगाम वेगळा. पावसाळा म्हणजे 'ऑफ सीझन' असं डोक्यात धरून कोणी जुलैतल्या रविवारी लोणावळ्याला गेलं तर भुशी धरणाच्या खूप आधीच गाडी बंद करून बसावं लागेल, तिथला खरा हंगाम तोच. कास पठाराचंही तसंच. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावर फुलं येतात ती ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेवढ्या दिवसांत माणसं इतकी लोटतात की रोजच्या प्रवेशाला 3000ची मर्यादा घालावी लागली. तिथे हंगाम टाळला तर बघायला फक्त कातळ उरतो. अशा ठिकाणी महिना टाळायचा नसतो, वार टाळायचा असतो. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हाही हेच. कासवाला शनिवार-रविवार कळत नाही, तो फक्त आपल्याला कळतो.

फेरीबोटीची रांग

आता माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यांत कामाचा मुद्दा. गर्दी थोडी कमी झाली की त्रास फार जास्त कमी होतो. हे सहजासहजी पटत नाही, म्हणून दाभोळच्या धक्क्यावर जाऊ.

दापोलीकडून गुहागरला जाताना वाशिष्ठीची खाडी आडवी येते. दाभोळहून गाडीसकट फेरीबोटीत बसायचं आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. समजा बोट तासाला 20 गाड्या पलीकडे नेते. एखाद्या साध्या दिवशी तासाला 18 गाड्या येतात. कोणी आलं की पुढच्या फेरीत चढतं. चहा घेईपर्यंत बोट येते.

दिवाळीच्या पाडव्याला तासाला 30 गाड्या येतात असं धरू. नऊ वाजता सुरुवात झाली. दहाला दहा गाड्या मागे राहिल्या. अकराला वीस. एक वाजेपर्यंत 120 गाड्या आल्या, 80 गेल्या, 40 रांगेत. एक वाजता पोचलेल्या माणसापुढे 40 गाड्या, म्हणजे दोन तास. उन्हात, मुलं मागच्या सीटवर, आणि पलीकडे जेवणाची वेळ टळलेली.

आता तीसऐवजी तासाला 22 गाड्या आल्या तर? एक वाजेपर्यंत 88 आल्या, 80 गेल्या, रांगेत फक्त आठ. थांबायचं 24 मिनिटं. गाड्या कमी झाल्या साधारण पाव हिश्शाने, थांबणं कमी झालं पाच पटींनी.

कुठलीही सोय एका मर्यादेपर्यंत गर्दी सहज पचवते. मर्यादा ओलांडली की प्रत्येक जास्तीचा माणूस मागे साचत जातो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसतो. देवळाची दर्शनबारी, घाटातली वाहतूक, खानावळीतलं टेबल, टोलनाका, सगळीकडे हेच. याचा उपयोग असा की त्रास टाळायला सगळ्यांत ओसाड दिवस शोधायची गरज नाही. शिगेपासून थोडं बाजूला सरकलं तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. पाडव्याऐवजी भाऊबीज उलटल्यावर तीन दिवसांनी. शनिवारी सकाळी निघण्याऐवजी रविवारी दुपारी, म्हणजे सगळे परतत असताना तुम्ही उलट दिशेने जाता. हंगामाचा गाभा सोडा, कडेला या.

जिथे दर बदलत नाही तिथे काय बदलतं

साध्या मेल-एक्सप्रेसचं शयनयान भाडं मेमध्ये जेवढं तेवढंच ऑगस्टमध्ये. मग रेल्वेत हंगाम नसतो का? असतो, फक्त तो दरात न दिसता प्रतीक्षायादीत दिसतो. गणपतीच्या कोकण गाड्यांची तिकिटं आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत संपतात हे प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर 2024पासून आरक्षण 120ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. आधी चार महिन्यांपूर्वीची लढाई होती, आता दोन महिन्यांपूर्वीची आहे एवढाच फरक. पैशाने वाढ झाली नाही तरी जागरण, तत्काळसाठी सकाळी फोन धरून बसणं आणि शेवटी खासगी बस, या रूपाने ती वसूल होतेच.

राजधानी, दुरांतो, शताब्दी या गाड्यांत मात्र सप्टेंबर 2016पासून जागा भरतील तसं भाडं चढतं. विमानाचं तर विचारूच नका. तिथे स्वस्त तिकिटांचा एक ठरावीक वाटा असतो, तो आधी संपतो, मग पुढचा महाग वाटा उघडतो. खासगी बसवाल्यांना 2018च्या शासन निर्णयाने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा आहे. गणपतीच्या आदल्या रात्री ती कितपत पाळली जाते हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

विहिरीला दिवस कळतात

माझ्यापुरतं सांगायचं तर हंगाम टाळायचं खरं कारण मला मावशीच्या विहिरीने दाखवलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे कसली आलीय पाणीटंचाई! पण जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी धावत जाऊन खाडीला मिळतं. एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठू लागतात आणि मेमध्ये डोंगराकडच्या वाड्यांवर टँकर सुरू होतात.

आणि नेमक्या त्याच महिन्यात गावातली माणसं दुप्पट होतात. समुद्रात डुंबून आलेला प्रत्येकजण खारं अंग धुवायला दोनदा अंघोळ करतो. त्यात त्याची चूक काही नाही. पण मावशी मेमध्ये रात्री दहाला बॅटरी घेऊन विहिरीत डोकावते आणि सकाळी पंप किती मिनिटं चालवायचा ते ठरवते, हे त्याला दिसत नाही. जो पाहुणा ऑक्टोबरात येतो त्याने कितीही बादल्या ओतल्या तरी ती काही बोलत नाही. विहीर तेव्हा हाताने पाणी काढावं इतकी भरलेली असते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर 2018च्या मे-जूनमध्ये सिमल्याला घडली. ऐन हंगामात शहराचं पाणी आटलं, लोक टँकरभोवती रांगा लावून उभे राहिले, आणि पर्यटकांनो येऊ नका असं आवाहन तिथल्याच रहिवाशांनी केलं. दक्षिणेत निलगिरी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाने 2024च्या मेपासून वाहनांना ई-पास सक्तीचा केला. 2025च्या उन्हाळ्यात आकडाही ठरवून दिला: निलगिरीत एरवी दिवसाला 6000 गाड्या, शनिवार-रविवारी 8000. एखादी जागा किती माणसं पेलू शकते, याला तज्ज्ञ धारणक्षमता म्हणतात. मावशी त्याला 'विहिरीची बोटं' म्हणते, म्हणजे दोरावर पाणी किती बोटं चढलंय ते.

माणसांचंही तसंच आहे. मेमध्ये मावशीकडे वाढपाला येणारा मुलगा जूनमध्ये लोट्याच्या एमआयडीसीत रोजंदारी शोधतो. पुढच्या मेमध्ये तो परत येईलच याची खात्री नसते. वर्षभर थोडे थोडे पाहुणे आले असते तर तो राहिला असता, चांगलं शिकला असता. हंगामात सेवा वाईट मिळते अशी तक्रार आपण करतो. दहा महिने काम नसलेल्या धंद्यात दोन महिन्यांसाठी तरबेज माणसं कुठून आणणार?

पावसात जाणार असाल तर

आता दुसरी बाजू, नाहीतर मी मावशीची जाहिरात करते आहे असं वाटेल. भर पावसाळ्यात कोकण स्वस्त असतं कारण तिथलं बरंच काही बंद असतं. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत समुद्रातली प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा थांबतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येत नाही, जंजिऱ्याला जाता येत नाही, मालवणचं स्कूबा नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही थांबतात, गाड्याही नेणारी मोठी रो-रो बोट तेवढी चालते. समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही. उधाणाच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूसही ओढला जातो, आणि तेव्हा किनाऱ्यावर मदतीला कोणी नसतं.

मासळीचंही तेच. जून-जुलैत माशांच्या प्रजननासाठी यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जुलैत हॉटेलातल्या थाळीत सुरमईचा तुकडा आला तर तो कुठून आला आणि केव्हाचा, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. घरगुती ठिकाणी तेव्हा खाडीचे मासे मिळतात, नाहीतर सुकट आणि सुके बोंबील. खरं सांगते, मला तेच आवडतं. पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे, शेवळाची भाजी, मग टाकळा, फोडशी, भारंगी. फणसातल्या साठवलेल्या आठळ्या आमटीत. नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे. यातलं काहीही मेमधल्या थाळीत येत नाही, कारण यातलं बरंचसं तेव्हा उगवलेलंच नसतं, आणि वीस ताटं एकदम वाढायची असली की मावशीलाही ठरीव बटाट्याच्या भाजीशिवाय पर्याय नसतो. ऑगस्टमध्ये पाहुणे दोनच असले तर घरात जे शिजतं तेच त्यांच्या पानात पडतं. 'अस्सल कोकणी चव' असं पाटीवर लिहून ती मिळत नाही, स्वयंपाकघरात माणसं कमी असली की मिळते.

रस्ते हा कच्चा दुवा. दरडींमुळे घाट बंद होतात, कधी तासभर, कधी आठवडाभर. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या सुमारास लागू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. त्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, मुसळधार पाऊस असला तर ताशी 40 किलोमीटरवर आणतात. तरी 2024च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला मार्गावर दरड आली आणि गाड्या जवळपास दिवसभर अडकल्या. चिपळूणने 22 जुलै 2021च्या महापुरात काय पाहिलं ते सर्वांच्या लक्षात आहे. म्हणून पावसात जायचं तर हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. परतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा किंवा ऑपरेशनची तारीख असेल तर जाऊच नका. वीज जाते, फोनचं नेटवर्क जातं, आणि आजारी माणूस असेल तर मोठं रुग्णालय किती दूर आहे हे आधी बघून ठेवावं लागतं.

मग कधी?

माझं आवडतं उत्तर कॅलेंडरच्या तारखेत नाही, तिथीत आहे. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीपासून आश्विन अमावास्येपर्यंत दीड महिना. इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. 2025मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली, 2026मध्ये ती 14 सप्टेंबरला. पण दोन्ही वर्षी विसर्जन आणि दिवाळी यांच्यातली फट तेवढीच राहते. कालनिर्णय उघडा आणि तो दीड महिना पेन्सिलीने आखा.

या दिवसांत मुंबईहून आलेले चाकरमानी परतलेले असतात, रजा संपवून बसलेले असतात. शाळा सुरू असतात. पितृपक्षाच्या पंधरवड्यात तर कोणी नवीन काही ठरवतच नाही. इकडे कोकणात पाऊस ओसरत असतो, पण ओढे अजून वाहत असतात. भात पोपटी रंगावरून पिवळ्यावर येत असतं. होड्या सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात, मासेमारी त्याआधीच सुरू झालेली असते, बाजारात ताजी मासळी असते. विहीर काठोकाठ. दर पावसाळ्याचा, सोयी हिवाळ्याच्या. फक्त 2 ऑक्टोबर आणि दसरा कुठल्या वाराला येतात ते बघा, ते जोडून आले तर तेवढे दिवस सोडून द्या. परतीचा पाऊस एखादी दुपार खाऊ शकतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर ऊन चटका देतं. तेवढं चालतं.

दुसरी फट जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, सोमवार ते गुरुवार. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, घरोघरी टीव्हीसुद्धा बंद असतो, फिरायला कोण निघतं! आंब्याला मोहोर आलेला असतो, सगळ्या वाडीत त्याचा वास. रात्री पांघरूण लागतं. ज्यांना नोकरी-शाळेचं बंधन नाही, म्हणजे निवृत्त मंडळी, मूल अजून बालवाडीतही न गेलेली जोडपी, घरून काम करणारे, त्यांनी या दिवसांत न जाता मेमध्ये का जावं हे मला कधीच कळलेलं नाही. सवयीने जातात.

उरले ज्यांची मुलं शाळेत आहेत ते. त्यांना सुट्टीतच जावं लागणार, आणि त्यांना 'ऑफ सीझनला जा' असं सांगणं म्हणजे थट्टाच. मी शिक्षिका आहे, माझीही गत तीच. पण सुट्टीतही बुधवार असतोच. मावशीच्या वहीत बघितलं तर मेमधले शनिवार लाल शाईने भरलेले आणि मंगळवार-बुधवार अर्धे कोरे. रविवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळी निघालं तर फेरीबोटीची ती 22 गाड्यांची रांग तुमची, तीस गाड्यांची नाही. खोलीचं भाडंही थोडं उतरतं, विचारलं तर. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हापूसचा दर पडलेला असतो, हा वेगळा फायदा.

फोन करताना काही गोष्टी नक्की विचारा. होडी सुरू आहे का? रस्त्याचं काम कुठे चालू आहे का? घाट बंद पडला तर आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार की तारीख पुढे ढकलून मिळणार? मालक छोटा असेल तर 'तारीख पुढे' हे मान्य करा, त्याला ते झेपतं आणि तुमचेही पैसे बुडत नाहीत. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं का? दोन माणसांसाठी चूल पेटणार आहे ना? आणि एप्रिल-मे असेल तर एक प्रश्न असा, जो मावशीला आजवर मोजून तीन पाहुण्यांनी विचारला आहे आणि त्या तिघांची नावं तिला पाठ आहेत: विहिरीला पाणी कसं आहे?